घरचे सोडून किती?

माणसाने दुसऱ्याच्या दुकानात बांधलेली चिंधी सोडू नये. साधी गोष्ट आहे, पण ती शिकायला मला एका भल्या गृहस्थाला जमिनीवर उताणं पाडावं लागलं.

झालं ते असं. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि आमच्या पायाखाली खुर्च्यांचं गोदाम आहे. लग्नांना, सभांना, शाळांच्या स्नेहसंमेलनांना भाड्याने जाणाऱ्या लोखंडी, घडीच्या खुर्च्या. त्या दिवशी गोदामाच्या मालकीणबाईंच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नाची बोलणी गोदामासमोरच्या अंगणात ठरली होती. मुलगा-मुलगी एकमेकांना केव्हाच पसंत होती. आता मोठ्यांनी एकमेकांना पसंत करायचं तेवढं राहिलं होतं, आणि अवघड असतं ते हेच. मुलाचे वडील चष्म्याच्या दुकानाचे मालक. ते उन्हातून आले आणि घाम पुसत उभे राहिले. मी शेजारधर्माला जागून पुढे झालो आणि भिंतीला टेकवलेली एक खुर्ची ओढली. तिच्या पायाला लाल चिंधी बांधलेली होती. धूळ झटकायला ठेवली असेल, काय सोय आहे बघा, असं म्हणत मी ती सोडली, तिनेच खुर्ची पुसली आणि म्हणालो, "बसा, बसा. आपलंच घर समजा."

ते बसले. म्हणजे सुरुवात बसण्याने झाली. मग ते तिरके झाले, मग आडवे झाले आणि शेवटी खुर्ची त्यांच्यावर बसली. त्यांचा स्वतःचा चष्मा उडून चहाच्या कपात पडला.

विम्याच्या कचेरीत मी जन्मभर लोकांचे अपघात कागदावर उतरवले. स्वतः अपघात घडवण्याची ही पहिलीच वेळ. पण पहिल्या प्रयत्नाच्या मानाने काम चोख झालं होतं.

"चिंधी कोणी सोडली?" मालकीणबाईंनी विचारलं.

उत्तर द्यायची गरजच नव्हती. चिंधी माझ्या हातात होती आणि मी तिने कपाळ पुसत होतो.

लाल चिंधीचा अर्थ त्या गोदामात येणाऱ्या मांजरालाही ठाऊक आहे: ही खुर्ची लंगडी आहे, वेल्डिंगला जायची आहे, हिच्यावर बसू नये. मी वर इतकी वर्षं राहतो, पण खालच्या मजल्यावरचं शिक्षण माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

या मालकीणबाईंना आम्ही अध्यक्षबाई म्हणतो. आमच्या भागात कुठलीही सभा असो, खुर्ची त्यांचीच. एका खुर्चीपायी लोक काय काय करतात. यांच्याकडे शेकडो पडून आहेत, आणि त्या स्वतः दिवसभर उभ्या. अंगाने किरकोळ, आवाजाने भरभक्कम, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. धंदा मुळात नवऱ्याचा. तो अचानक गेला तेव्हा लेक शाळेत होती. त्या आठवड्यात दोन-तीन व्यापारी सांत्वनाला आले. डोळे पुसता पुसता त्यांनी विषय काढला की, वहिनी, बाईमाणसाला हा राबता कसा झेपायचा, सगळा माल आम्ही उचलतो. अध्यक्षबाईंनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि सांगितलं, "बसायला हव्या तितक्या देईन. उचलायला एकही नाही." दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याला बोलावलं आणि पहिली ऑर्डर स्वतः पोचवून आल्या.

त्यांची कामाची एक रीत आहे. गोदामातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खुर्चीवर त्या आधी स्वतः बसतात. नुसतं टेकत नाहीत. बसतात, मागे रेलतात, डावीकडे-उजवीकडे डुलतात, उठतात आणि पुढची खुर्ची. मोठी ऑर्डर असली की हा कार्यक्रम सकाळभर चालतो. खिडकीतून बघणाऱ्याला वाटावं, बाई जागा पसंत करतायत आणि एकही पसंत पडत नाहीये. मी एकदा म्हणालो, "अहो, हाताने हलवून बघितलं तर नाही का चालणार?"

"तुम्ही खुर्चीवर हात ठेवता का, भाऊ?" त्यांनी विचारलं. "जे ठेवता तेच मी ठेवून बघते."

दुसरी रीत गिऱ्हाइकाची. कोणी खुर्च्या सांगायला आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "घरचे सोडून किती?" नवीन माणूस गोंधळतो. मग त्या समजावतात, "घरचे मोजायचे नाहीत हो. घरचे बसतात कुठे? ज्या लग्नात घरचे बसले त्या लग्नात पाहुण्यांना पाणी कोण विचारणार?"

अशा बाईंच्या अंगणात, त्यांच्याच खुर्चीवरून, होणारा व्याही पडला होता. माकडहाडाला मार लागला. डॉक्टरांनी बसायला बंदी केली. आणि ज्याला बसता येत नाही तो माणूस काय करतो, तर उभ्या उभ्या विचार करतो. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मी तेव्हा खाली माफी मागायच्या कामावर होतो आणि फोन स्पीकरवर होता, त्यामुळे संभाषण ऐकायला मिळालं.

"बाई, मुलीबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण लग्न तुमच्या अंगणात नको. तुमच्या खुर्च्यांवर तर नकोच. आमच्या भागीदाराच्या मुलाचं लग्न झालं ना त्या लॉनवर, तसं करू. ते लोक सगळं करतात. खर्च निम्मा निम्मा."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "बघते." या शब्दाचा अर्थ आमच्याकडे बहुतेकदा 'नाही' असा होतो. पण या वेळी लेक समोर उभी होती, आणि तिचा चेहरा बघून त्या खरंच बघायला लागल्या.

दुसऱ्याच दिवशी लॉनचा माणूस हजर. तरतरीत पोरगा, अंगाला चिकटलेला कोट, हातात टॅब. तो प्रत्येक वाक्यात पॅकेज म्हणायचा म्हणून माझ्या बायकोने चहा गाळता गाळता त्याचं नाव पॅकेजराव ठेवून टाकलं. त्याने टॅबवर बोट फिरवलं आणि गोदामात स्वर्ग उतरला. एक भलंमोठं कमळ होतं, त्याच्या पाकळ्या यंत्राने उघडतात आणि आतून नवरी निघते. नवरदेव धुरातून येतो.

"धूर कशाला?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "काही जळतंय?"

"मॅम, एन्ट्री! ड्रामा पाहिजे ना. आपण आठवणी क्रिएट करतो."

"आठवण राहायची तर माणूस दिसायला पाहिजे. धुरात कोण दिसणार?"

पॅकेजराव हसला. हसण्याचाही त्याच्या पगारात समावेश असावा. मग त्याने आकडा सांगितला. माझी बायको चहा घेऊन आली होती, ती तशीच परत गेली. तिला वाटलं, एवढ्या पैशात चहा त्यानेच पाजायला हवा. अध्यक्षबाईंनी निम्म्याचा हिशेब केला असणार, कारण त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि या हातातून त्या हातात घेतला.

"मॅम, टेन्शन नाही," पॅकेजराव खुर्च्यांच्या थप्पीकडे बघत म्हणाला. "हा स्टॉक आमची कंपनी घेईल. सगळा. त्यात तुमच्या बाजूचं गोल्ड पॅकेज बसतं. कमळासकट. आम्ही यांना कव्हर घालू, मागे सॅटिनचा बो बांधू, रॉयल सीटिंग होऊन जाईल. तुम्हीही मोकळ्या!"

म्हणजे एक दिवसाच्या लग्नासाठी धंदा द्यायचा. आणि पुढे कुणाला खुर्ची हवी असली, तर तिने झगा घालून पॅकेजमधूनच यायचं.

खरं सांगतो, मला तो सौदा वाईट वाटला नाही. माझ्यामुळे बिघडलेलं लग्न सुरळीत होत होतं आणि माझी त्यातून सुटका होत होती. मी म्हणालो, "अध्यक्षबाई, विचार करा. लग्न एकदाच होतं."

"मरणही एकदाच होतं," त्या म्हणाल्या. "त्याचं पॅकेज घेतलंत का?"

लेक दातांच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगते, पण घरी आईपुढे तिचंच तोंड बंद असतं. त्या दिवशी ती बोलली. "आई, मला कमळ आवडलं, खोटं नाही सांगत. माझ्या सगळ्या मैत्रिणींचं असंच काहीतरी झालंय. पण कमळाचं सोड. तुझी कंबर रात्रभर ठणकते, मला माहितीये. शेकडो वेळा उठतेस-बसतेस. गेल्या खुर्च्या तर गेल्या. तुझी कंबर तरी वाचेल. आणि बाबा नाही म्हणाले तर..." इथे तिने ओढणीने डोळे पुसले. बाबा म्हणजे चष्मेवाले. तिने त्यांना आधीच बाबा म्हणायला सुरुवात केली होती, आणि तिची खरी भीती त्या एका शब्दात होती.

अध्यक्षबाई तिच्याजवळ गेल्या. "कंबर माझी, खुर्च्याही माझ्या. त्यांचं काय करायचं ते मी बघेन. तुझं लग्न होणार, याच मुलाशी होणार, आणि माझ्या खुर्च्यांवर होणार. यातलं एकही मी सोडणार नाही. जा, तोंड धू."

मग पॅकेजरावाकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही चहा घेऊन जा. उशिरा का होईना, येतोय."

तीन दिवसांनी अध्यक्षबाई टेम्पोत एकच खुर्ची टाकून निघाल्या. मलाही घेतलं. "तुम्ही पाडलंत, तुम्हीच उचलायला या," म्हणाल्या. खुर्ची होती नेहमीचीच, पण तिची बैठक त्यांनी वेल्डरकडून मधोमध कापून घेतली होती, कडेने जाड फोम लावून वर रेक्झिन ओढलं होतं. माकडहाड अधांतरी राहावं अशी ती व्यवस्था. तिच्यावर त्या स्वतः आदला सगळा दिवस बसून होत्या. मी त्यांना इतका वेळ बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं आणि मला वाटलं, बाईंनी हाय खाल्ली.

चष्म्याच्या दुकानात मालक काउंटरमागे उभे. उभं राहून राहून चेहरा पोलिसासारखा झालेला. आम्हाला बघून तो आणखी कडक झाला. त्यातही माझ्याकडे बघताना जास्त.

अध्यक्षबाईंनी खुर्ची उघडली, आधी स्वतः बसल्या, रेलल्या, डुलल्या, उठल्या. "बसा."

"नको."

"पडलात तर लग्न लॉनवर. कमळासकट."

चष्मेवाल्यांनी आधी खुर्चीचे चारही पाय तपासले. मग माझे हात तपासले. मग दोन्ही हातांनी काउंटर धरून, जुन्या विहिरीत उतरावं तसे हळूहळू खाली गेले. टेकले. थांबले. आणि आठवडाभर ताठलेला तो चेहरा असा काही सैल झाला की समोर फ्रेम बघत असलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काय हो, काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "बसलो."

पुढचं बोलणं बसून झालं, त्यामुळे सोपं गेलं. चष्मेवाले माणूस वाईट नव्हते. पेच त्यांचाही होताच. "बाई, भागीदाराने हजार माणसं जेवू घातली. मी कमी केली तर लोक म्हणतील, याचं दुकान बसलं. तुमच्या अंगणात हजार माणसं मावतात का?"

"हजार नाही मावत. पण तुमची माणसं मावतात का, ते बघू," अध्यक्षबाई म्हणाल्या. "रविवारी सकाळी या. मी खुर्च्या मांडून ठेवते. प्रत्येक खुर्चीवर कोण बसणार ते तुम्ही सांगायचं. त्या माणसाबद्दल एक गोष्ट सांगता आली की ती खुर्ची त्याची. तुमच्या बाजूचे मावले नाहीत तर मी लॉनला हो म्हणते. खुर्च्या विकून."

टेम्पोत बसल्यावर मी म्हणालो, "हा जुगार आहे."

त्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "हळू घे रे, खुर्ची नसली तरी माणसं आहेत."

रविवारी अंगण खुर्च्यांनी भरून गेलं. गोदाम रिकामं होऊन रांगा पार फाटकाबाहेर गेल्या होत्या. प्रत्येक खुर्चीवर बाई पहाटेपासून बसून उठल्या होत्या. लेक एका टोकाला नखं कुरतडत उभी. चष्मेवाले आपली फोमची खुर्ची बगलेत मारून आले. आता ते तिच्याशिवाय कुठे जात नसत. पण बसले नाहीत. पहिल्या रांगेशी गेले.

"इथे माझी आत्या. तिला पाठ लागते, आणि ती सगळ्यांना नावं ठेवते, तेव्हा पुढेच बरी. इथे माझा धाकटा भाऊ. बोलत नाही माझ्याशी, पण येईल. इथे माझे मास्तर, मला फळा दिसत नाही हे पहिल्यांदा त्यांनीच ओळखलं. इथे दुकानातला आमचा काच घासणारा कारागीर, त्याच्या दोघी मुली, त्या रडतात लगेच, शेजारी आमची मावशी ठेवू..."

पहिल्या तीन-चार रांगा भराभर बसल्या. आम्हाला समोर माणसं दिसायला लागली. आत्याबाईंच्या खुर्चीजवळून जाताना मी नकळत वाकून गेलो. पाचव्या रांगेत चष्मेवाल्यांचा वेग मंदावला.

"इथे... मार्केटच्या संघटनेचे सेक्रेटरी."

"त्यांची गोष्ट?"

"त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो."

"मुलीचं नाव?"

चष्मेवाल्यांनी आकाशाकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी खुर्ची मिटली. फट्!

लोखंडी खुर्ची मिटण्याचा आवाज फार स्पष्ट असतो. त्यात 'बघू' नसतं.

"इथे नगरसेवक."

"ते तुम्हाला ओळखतात?"

"माझा फोटो होता त्यांच्या बॅनरवर. खालच्या ओळीत."

फट्!

"इथे आमच्या भागीदाराच्या साडूचे पार्टनर. ते मला प्रत्येक लग्नात भेटतात."

"काय बोलता?"

"मी म्हणतो, गर्दी फार आहे. ते म्हणतात, हो ना." चष्मेवाले थांबले. आपणच काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं. त्यांनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं, वाकले, कंबर धरून हाय म्हणाले, आणि ती खुर्ची स्वतःच्या हाताने मिटली. फट्!

मग त्यांना नाद लागला. फट् फट् करत ते निघाले. लोकांनी यावं म्हणून आपण किती वर्षं कुठे कुठे जाऊन आइस्क्रीम उभ्याने खाल्लं, ते सांगत एकेक माणूस मिटत गेले. अध्यक्षबाई समाधानाने बघत होत्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "आई, आता तुझ्या बाजूच्या. ही कोणाची?"

लेक एका खुर्चीवर हात ठेवून उभी होती.

"ते सभागृहाचे मॅनेजर. आपलं मोठं गिऱ्हाईक."

"त्यांची गोष्ट?"

अध्यक्षबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. गोष्ट नव्हती. लेकीने खुर्ची मिटली. पुढची, त्याच्या पुढची. आईच्या धंद्याच्या ओळखी जशा मिटत गेल्या तसा लेकीचा आवाज मोकळा होत गेला. शेवटी ती एका रिकाम्या रांगेशी थांबली. "आणि या सगळ्या माझ्या. फोनवर ज्यांना कमळ दाखवायचं होतं ते." तिने दोन खुर्च्यांच्या पाठींवर हात ठेवले. "यातल्या दोघींना ठेवू? त्या खऱ्या आहेत." आणि बाकीच्या तिने अशा मिटल्या की टेम्पोवाला गाडीतून उतरून बघायला आला.

उरलेल्या खुर्च्या अंगणात मावल्या. मावून एका बाजूला स्वयंपाकाची जागाही निघाली. चष्मेवाले आपल्या फोमच्या खुर्चीत सावकाश उतरले आणि म्हणाले, "विहीणबाई, चहा मिळेल का? कपात चष्मा नको." त्या दिवसापर्यंत ते नुसतं 'बाई' म्हणत होते. लेक आत पळाली. तोंड धुवायला असावी.

"आणि लोक काय म्हणतील?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"म्हणू द्या. बसून ऐकेन."

मी मात्र घरी येऊन चपलाही न काढता बसलो. बायकोने विचारलं, काय झालं. काय सांगणार? मी सगळा वेळ कान देऊन होतो. चष्मेवाल्यांच्या कारागिराच्या मुलींनाही खुर्ची मिळाली, टेम्पोवाल्याच्या आईला मिळाली, माझ्या बायकोच्या माहेरच्या एका आजारी काकूलासुद्धा मिळाली. आमच्या दोघांचं नाव अध्यक्षबाईंनी काढलं नाही. चिंधीचा राग अजून गेला नव्हता तर. माझ्याबद्दल सांगायला गोष्ट नव्हती असं थोडंच आहे. उलट होती, आणि ती सगळ्या व्याह्यांना पाठ होती.

"निमंत्रण तरी आलंय का आपल्याला?" मी विचारलं.

"मला सकाळी सहाला बोलावलंय," बायको म्हणाली. "तुमचं मला माहीत नाही."

लग्नाच्या दिवशी मी इस्त्रीचे कपडे घालून, अपमान गिळून खाली उतरलो. अंगणात झगा न घातलेल्या साध्या लोखंडी खुर्च्या उन्हात चमकत होत्या. आत्याबाई पुढच्या रांगेत बसून सगळ्यांना नावं ठेवत होत्या आणि न बोलणारा भाऊ त्यांच्याशेजारी बसून माना डोलवत होता. मास्तर आपला जुना विद्यार्थी शोधत होते. तो त्यांच्यासमोरच उभा होता. नवरी घराच्या दारातून, स्वतःच्या पायांनी, धुराशिवाय आली, त्यामुळे ती हसतेय हे शेवटच्या रांगेपर्यंत दिसलं. एकाच फोटोग्राफरने फोटो काढले. ही लेकीची अट होती, ती आईने मान्य केली होती. लग्न लागलं. चष्मेवाले फोमच्या खुर्चीतून उठले, टाळ्या वाजवल्या आणि लगेच बसले.

मी प्रत्येक रांगेतून दोनदा फिरलो. जागा नव्हती. एकच खुर्ची भिंतीशी उभी होती, पण तिच्या पायाला लाल चिंधी होती, आणि मी आता शिकलेला माणूस होतो.

शेवटी धीर करून अध्यक्षबाईंना गाठलं. एका हातात ताटांची चवड, दुसऱ्या हाताने कुणाला तरी वाट दाखवणं चालू.

"अध्यक्षबाई, चूक झाली ती झाली. पण सगळ्यांना जागा दिलीत, मग आमचीच खुर्ची कशी नाही?"

त्यांनी चवड माझ्या हातात कोंबली.

"तुम्हाला मोजलंच नव्हतं, चला, पाणी वाढायला घ्या."